बाऊंड्रीवरचा गडी बॉलिंगला

मंडळी, आज थोडं बेसबॉलबद्दल. थांबा, लगेच पान बंद करू नका. मलाही त्या खेळातलं फार कळतं असं नाही. आपल्याला पुरतील एवढ्या दोनच गोष्टी सांगतो. आऊटफिल्डर म्हणजे आपल्या भाषेत डीपला, बाऊंड्रीजवळ उभा राहणारा गडी. उंच कॅच घ्यायचे, पळत जाऊन बॉल अडवायचा आणि लांबून नेम धरून फेकायचा, हे त्याचं काम. शिवाय इतरांसारखी बॅटिंग करायची ती वेगळीच. पिचर म्हणजे बॉलर. तो बॅट्समनपासून ६० फूट ६ इंचांवर, मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहतो आणि रनअप न घेता जागेवरून बॉल टाकतो. दोघांचा सराव वेगळा, प्रशिक्षक वेगळे, अगदी दुखणीसुद्धा वेगळी.

आता गोष्ट. अँथनी गोस नावाचा एक खेळाडू २०१२ ते २०१६ या काळात अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये आऊटफिल्डर म्हणून खेळला. आधी टोरांटोकडून, मग डेट्रॉईटकडून. पळायला एकदम चपळ, हातात प्रचंड ताकद, पण बॅटिंग काही टिकेना. २०१७ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याने पिचर व्हायचं ठरवलं. वरच्या पातळीवर पाच मोसम काढलेला माणूस खाली मायनर लीगमध्ये जाऊन नवशिक्यासारखा बॉल टाकायला लागला. मध्येच २०२० साल आलं आणि कोविडमुळे मायनर लीगचा अख्खा मोसमच रद्द झाला. तरी पठ्ठ्या थांबला नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकन संघात तो पिचर म्हणून होता, आणि त्याच सप्टेंबरमध्ये क्लीव्हलंडकडून मेजर लीगमध्ये परतला. ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर वेगाने बॉल टाकत.

अशी गोष्ट हाती लागली की आपल्याकडे तिचा फॉरवर्ड व्हायला वेळ लागत नाही. मागे उगवता सूर्य, वर 'स्वप्नांचा पाठलाग करा', खाली हात जोडलेले. मला त्या फॉरवर्डबद्दलच बोलायचंय. भूमिका बदलायला धाडस लागतं हे खरं आहे, पण धाडसाला आपण शंभरपैकी नव्वद मार्क देऊन टाकतो आणि तिथे गडबड होते. माझ्या मते त्याहून महत्त्वाची असते ती चुकायला परवडेल अशी एखादी जागा. गोसला ती मिळाली. तिचं नाव मायनर लीग. तिथे चार वर्षं वाकडेतिकडे बॉल टाकले तरी जगबुडी होत नाही.

आता हे सगळं आजच का सुचलं, तर आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे. सात वर्षं मॅन्युअल टेस्टिंग करतेय. म्हणजे आम्ही लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधायच्या. त्यात ती इतकी तरबेज आहे की तिच्या हातात बिल्ड जायच्या आधी आम्ही डेव्हलपर लोक मनातल्या मनात काळभैरवनाथाला नारळ बोलतो. (आमचं गाव सोनारी, तालुका परंडा, जिल्हा धाराशिव. भैरवनाथाचं देऊळ आणि तिथली माकडं यांच्यासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध. त्यामुळे नवस कुणाला बोलायचा हा प्रश्नच येत नाही.) तर या बाईंना आता डेव्हलपमेंटमध्ये यायचंय. टेस्ट केस लिहिण्याचं बरंचसं काम आता एआय करतं, वरून माणसं कमी करण्याच्या गोष्टी चालल्यात, पुढच्या महिन्यात टीमची फेरमांडणी आहे. आणि मीटिंगमध्ये एका वरिष्ठांनी शांतपणे सांगितलं, "टेस्टिंगवाल्यांना कोडिंग जमत नसतं. बाहेरून अनुभवी माणूस घेऊ."

बाऊंड्रीवरच्या गड्याला बॉलिंग जमत नसते. विषय संपला.

खरंच नसते का जमत? यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. आमच्या परंड्याला लागून सोलापूर जिल्ह्यातला माढा तालुका आहे. तिथल्या जाधववाडीचा एक माणूस सगळ्यांना माहीत आहे. केदार जाधव. जन्म पुण्याचा, पण मूळ गाव ते. केदार म्हणजे शुद्ध बॅट्समन, गरज पडली तर विकेटकीपर. २०१२ मध्ये उत्तर प्रदेशविरुद्ध रणजीत ३२७ धावा. २०१३-१४ च्या रणजी मोसमात १२२३ धावा, त्या वर्षी देशात सर्वाधिक, आणि महाराष्ट्राचा संघ थेट फायनलला. २०१४ मध्ये भारतासाठी पहिली वनडे. या सगळ्यात बॉलिंग कुठे आहे? कुठेच नाही.

मग १६ ऑक्टोबर २०१६. धर्मशालेला न्यूझीलंडविरुद्ध वनडे. धोनीने अचानक केदारच्या हातात बॉल दिला. वय वर्षं ३१. या वयात आपल्याकडे लोक नवीन मोबाईल घेतानासुद्धा जुनाच ब्रँड बघतात. तर केदारने बॉल टाकला, कमरेच्या आसपासून, जवळजवळ विटी-दांडू खेळताना विटी फेकावी तसा. आणि लागोपाठच्या दोन बॉलवर दोन विकेट! नीशम आणि सँटनर. न्यूझीलंड ७ बाद ६५.

पुढे काय झालं ते स्कोअरकार्डात आहे. २०१८ च्या आशिया कपमध्ये दुबईला पाकिस्तानविरुद्ध २३ धावांत ३ बळी. त्याच स्पर्धेच्या फायनलमध्ये बांगलादेशच्या ओपनरनी १२० धावांची सलामी दिली होती, कुणालाच जोडी फुटत नव्हती, ती केदारने फोडली. (त्याच मॅचमध्ये मांडीचा स्नायू दुखावलेला असताना लंगडत बॅटिंगला परत येऊन शेवटच्या बॉलवर जिंकून दिलं ते वेगळंच.) २०२४ मध्ये निवृत्त झाला तेव्हा ७३ वनडेमध्ये १३८९ धावा आणि २७ बळी. २७ हा आकडा मोठा नाही. पण एकतिशीपर्यंत ज्याला कुणी बॉलर म्हणून ओळखत नव्हतं, त्याच्या नावापुढे २७ म्हणजे गंमत नाही राव.

आता या प्रकरणात धाडस किती होतं आणि बाकीचं किती, ते बघू.

पहिली गोष्ट, धोनीने वेळ कुठली निवडली? न्यूझीलंडचा निम्मा संघ तंबूत परतला होता. मॅच हातात होती. केदारला दोन षटकार बसले असते तरी फार काही बिघडणार नव्हतं. म्हणजे धोनीने प्रयोग केला तो परवडेल तेव्हा केला. शेवटच्या ओव्हरला सहा धावा हव्या असताना त्याने केदारला पहिल्यांदा बॉल दिला नाही. आपले मॅनेजर नेमकं उलटं करतात. वर्षभर माणसाला हात लावू देत नाहीत, आणि मग मुख्य डेव्हलपर नोटीस पीरियडवर गेला की रिलीजच्या आदल्या रात्री म्हणतात, "तुला डेव्हलपमेंटची आवड होती ना? बघ जरा हे." आणि त्याचं काही चुकलं की, "बघा, मी म्हणालो नव्हतो?"

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. केदार बॉलर झाला तेव्हा त्याच्यातला बॅट्समन कुठे गेला नव्हता. इतकी वर्षं समोर उभं राहून त्याला पक्कं कळलं होतं की बॅट्समनला काय नको असतं. बॉल खाली राहणं नको असतं, कारण मग त्याच्या खाली बॅट घालून उचलता येत नाही. वेग नको तितका कमी असणं नको असतं, कारण सगळी ताकद स्वतःलाच लावावी लागते. केदारने नेमकं तेच दिलं. आशिया कपच्या वेळी त्याने पत्रकारांना सांगितलं होतं की मी नेटमध्ये बॉलिंगचा फारसा सराव करत नाही. खरा बॉलर व्हायला गेलो तर जे थोडंफार आहे तेही जाईल, म्हणून आपल्या मर्यादेत राहतो. मला हे वाक्य फार शहाणपणाचं वाटतं. त्याने अश्विनची नक्कल केली नाही. बॅट्समनचं ज्ञान त्याने बॉलिंगमध्ये वापरलं.

गोसचंही तेच. आऊटफिल्डरचा हात तोच पिचरचा हात. ऐंशी-नव्वद मीटरवरून थेट फेक करणाऱ्या माणसाकडे वेग आधीपासून असतो. शिकायचं असतं ते त्या वेगाला वळण लावणं. अमेरिकेतले संघ म्हणूनच बॅटिंगमध्ये अडकलेल्या पण दमदार हाताच्या पोरांना पिचर करून बघतात. ट्रेव्हर हॉफमन हा असाच. मायनर लीगमध्ये शॉर्टस्टॉप, बॅटिंग जमेना, हात जबरदस्त. १९९१ मध्ये पिचर केला आणि मॅचच्या शेवटी येऊन आघाडी राखणारा पिचर म्हणून ६०१ 'सेव्ह' करून २०१८ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. त्या खेळात याचा विनोद होत नाही, ही तिथली एक सरळ पद्धत आहे.

तर आमच्या टेस्टर बाईंचा 'हात' कुठला? कोड कुठे मोडतो हे त्यांना सात वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे. युजर नावाच्या रकान्यात इमोजी टाकतो, पेमेंटच्या मधोमध बॅक दाबतो, एकच बटण चार वेळा दाबतो. आम्ही डेव्हलपर हे सगळं विसरून कोड लिहितो आणि मग त्या आम्हाला आठवण करून देतात. असा माणूस कोड लिहायला बसला तर सुरुवातीला वेळ जास्त लागेल, सिंटॅक्स चुकेल, पण दरवाजे कुठले उघडे राहतात हे त्याला आधीच ठाऊक असेल. बाहेरून आलेल्या 'अनुभवी' माणसाला आमच्या सॉफ्टवेअरचे दरवाजे कळायलाच सहा महिने लागतात.

तिसरी गोष्ट म्हणजे जुनी खुर्ची लगेच काढून न घेणं. यात आपले रवी शास्त्री म्हणजे पाठ्यपुस्तक. सध्याच्या पिढीला ते कॉमेंटरीतल्या आवाजामुळे माहीत. पण फेब्रुवारी १९८१ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, दिलीप दोशी जखमी झाले म्हणून त्यांना तातडीने न्यूझीलंडला बोलावलं ते डावखुरा स्पिनर म्हणून. वेलिंग्टनच्या त्या पहिल्या टेस्टमध्ये बॅटिंगला नंबर दहावा! तिथून हळूहळू वर सरकत १९८३ च्या सुरुवातीला कराचीत पाकिस्तानविरुद्ध ओपनिंगला येऊन १२८. आणि जानेवारी १९९२ मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ओपनर म्हणून २०६. (त्याच मॅचमध्ये शेन वॉर्न नावाचा एक पोरगा पहिली टेस्ट खेळत होता. त्याची टेस्टमधली पहिली विकेट म्हणजे हेच शास्त्री, पण २०६ करून झाल्यावर.) एकूण ८० टेस्ट, ११ शतकं आणि १५१ बळी.

लोक म्हणतात, काय जिगर! असेलच. पण हिशेब बघा. बॅटिंगमध्ये दोन-तीन डाव फुकट गेले तरी शास्त्रींची जागा जात नव्हती, कारण बॉलिंग होतीच. बॉलिंगने घराचं भाडं भरलं आणि त्या घरात बसून ते बॅटिंग शिकले. स्पिनर म्हणून बाहेर काढून "आता ओपनर म्हणून स्वतःला सिद्ध करून परत या" असं कुणी म्हटलं असतं तर ते सिडनीपर्यंत पोचले असते का, मला शंका आहे.

रोहित शर्माचीही सुरुवात अशीच. शाळेत तो ऑफ स्पिनर, बॅटिंगला आठव्या नंबरवर. दिनेश लाड सरांनी त्याची बॅट बघितली आणि ओपनिंगला पाठवलं. हे घडलं शालेय क्रिकेटमध्ये. शाळेच्या मॅचमध्ये शून्यावर आऊट झालं तर काय होतं? जास्तीत जास्त वडापावच्या पैजेत हरतो. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये, बत्तिशीत, विशाखापट्टणमला टेस्टमध्ये पहिल्यांदाच ओपनिंगला आला आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १७६ आणि १२७. तेव्हाही वनडेतली त्याची जागा पक्की होती.

बरं, साक्षात सचिनलासुद्धा मागावं लागलंय. २७ मार्च १९९४, ऑकलंड. सिद्धूची मान आखडली म्हणून ओपनिंगची जागा रिकामी झाली. सचिनने कॅप्टन अझरुद्दीन आणि मॅनेजर अजित वाडेकर यांना विनवलं की एकदा पाठवून बघा, फेल गेलो तर परत मागणार नाही. ४९ बॉलमध्ये ८२. तोपर्यंत त्याच्या नावावर वनडेत एकही शतक नव्हतं. पुढे ४९ शतकं झाली, त्यातली ४५ ओपनर म्हणून. विचार करा, एका माणसाची मान आखडली नसती तर? सचिनसारख्याला जर दुसऱ्याच्या मानेवर अवलंबून राहावं लागत असेल, तर कुठल्यातरी पार्कमधल्या कुठल्यातरी इमारतीत सातव्या मजल्यावर बसलेल्या टेस्टरने काय करायचं?

इथे मला माझ्याच फॉरवर्डविरोधी भूमिकेची दुसरी बाजूही मांडायला हवी. असे बदल बऱ्याचदा फसतात. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली दोन भालाफेकपटू पोरं पिचर म्हणून निवडली गेली. बेसबॉल कधी हातात धरलेला नाही, तरी काही महिन्यांच्या तयारीनंतर पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. दोघंही मायनर लीगमध्ये खेळली. दिनेशला २०१० मध्ये सोडण्यात आलं. रिंकू आणखी टिकला, पण मग कोपराचं ऑपरेशन. मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कुणीच पोचलं नाही. रिंकू २०१८ मध्ये थेट डब्ल्यूडब्ल्यूईत कुस्तीला गेला. त्यांच्यावर २०१४ मध्ये सिनेमा आला, तोही करार होईपर्यंतच्या आनंदावर संपणारा. सिनेमा तिथे संपवावा लागतो, कारण पुढचं आयुष्य फॉरवर्डमध्ये बसत नाही.

मग त्यांचं चुकलं का? मला नाही वाटत. दोन पोरांनी करून बघितलं, जमलं तितकं जमलं, नाही जमलं तेव्हा वाट बदलली. मायनर लीगची खरी किंमत इथे कळते. वर जाणाऱ्यांपेक्षा न जाणारेच तिथे जास्त असतात, आणि "नाही जमलं" हे शब्द तिथे रोज ऐकू येतात. आपल्याकडे तेच शब्द अप्रेझलच्या फॉर्मवर कायमचे छापले जातात.

आता जरा घरचं बोलू. मुंबईच्या पोराकडे शाळेची हॅरिस शील्ड आणि जाइल्स शील्ड आहे, पावसात चिखलात खेळायची कांगा लीग आहे, कंपन्यांची टाइम्स शील्ड आहे. म्हणजे चुकायला चार मजले आहेत. एखाद्या लाड सरांची नजर पडायला वेळ मिळतो. सोनारीत काय होतं? ज्याची बॅट तो ओपनर. ज्याचा बॉल तो पहिला बॉलर. उरलेले सगळे फिल्डिंगला, आणि ज्वारीच्या रानात गेलेला बॉल शोधायला सगळ्यात लहान पोरगं. एकदा ठरलेला नंबर दहावी होईपर्यंत बदलायचा नाही. त्यातल्या कुणाचा हात दमदार होता हे बघायला आमच्याकडे कुणी नव्हतं.

पुढे शिक्षणातही तोच प्रकार. दहावीला मार्क चांगले म्हणून सायन्स. सीईटीच्या कुठल्या राऊंडला कुठली ब्रँच शिल्लक होती त्यावर इंजिनिअरिंग. कॅम्पसमधून नोकरी लागली की ट्रेनिंगच्या शेवटी एक यादी लागते: हे जावामध्ये, हे टेस्टिंगमध्ये, हे सपोर्टमध्ये. ती यादी बऱ्याचदा कुठल्या प्रोजेक्टला किती डोकी हवीत यावर ठरते. त्या दिवशी मी जावाच्या यादीत होतो, दुसरं कुणी टेस्टिंगच्या. एवढाच काय तो फरक! आणि सात वर्षांनी आम्ही मीटिंगमध्ये म्हणतो, "टेस्टिंगवाल्यांना कोडिंग जमत नसतं." जणू जन्मपत्रिकेत लिहून आलेलं असतं.

गावाकडे तरी असलं काही मानत नाहीत. मी सुट्टीला गेलो की आमचे चुलते म्हणतात, "तू कम्प्युटरचा हायस नव्हं? मग ह्या मोटारीचा स्टार्टर का तिडतिड करतोय बघ की." मी म्हणतो, "अहो नाना, माझा तो विषय नाही." ते म्हणतात, "विषय कसला, डोकं एकच असतंय की!" स्टार्टर मला दुरुस्त होत नाही ही गोष्ट वेगळी :-) पण नानांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

आणि आमच्या जिल्ह्याला अभिमानाने सांगावा असा खेळ कुठला, तर खो-खो. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कॅप्टन सारिका काळे आमच्या धाराशिवची, तेव्हाच्या उस्मानाबादची. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोत मला एक गोष्ट फार आवडते. आठ जण पाटीवर बसलेले, एक जण धावत, पण 'खो' मिळाला की बसलेला उठतो आणि धावणारा त्याच्या जागी बसतो. डाव बदलला की पाठलाग करणारे पळणारे होतात. कुणाचं संरक्षण भारी असतं, कुणाचं आक्रमण, पण दोन्हींचा सराव सगळ्यांना करावा लागतो. "मी फक्त बसणारा" असं तिथे कुणाला म्हणता येत नाही. जिथे साधनं कमी तिथे हा खेळ वाढला आणि त्यातून देशाची कॅप्टन निघाली. तेव्हा चुकायला जागा करून देणं हे पैशाचंच काम आहे असं मला कुणी सांगू नये.

काही जण म्हणतील, "अरे पण स्पेशलायझेशन नावाची काही गोष्ट आहे की नाही? उद्या हार्टच्या ऑपरेशनला डोळ्यांचा डॉक्टर चालेल का तुला?" नाही चालणार. पण डोळ्यांच्या डॉक्टरला हृदयाचं शिकायचं असेल तर त्याने पहिला चाकू माझ्यावर चालवावा असं कुठे म्हणतोय मी? त्यासाठीच तर खालचे मजले हवेत. मायनर लीगमध्ये सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या आहेत. आपल्या कामातही त्या सहज करता येतात. पहिली पायरी, फक्त टीमच्या आत वापरायची एखादी स्क्रिप्ट. मोडली तर आपणच बोंबलू, कस्टमरला पत्ताही लागणार नाही. दुसरी, सहा महिने यादीच्या तळाशी पडून असलेले किरकोळ बग. तिसरी, एखादं छोटं फीचर, सीनियरच्या रिव्ह्यूसकट. चौथी, प्रोडक्शन. प्रत्येक पायरीवर महिना-दोन महिने. अर्धा वेळ जुनं काम, म्हणजे शास्त्रींसारखं भाडं चालू राहील. आणि नाही जमलं तर मुकाट्याने जुन्या जागी परत, कसलाही शेरा न मारता. यात कंपनीचं काय जातं? बाहेरचा माणूस शोधायला, घ्यायला, शिकवायला जेवढं जातं त्यापेक्षा नक्कीच कमी.

ज्यांना भूमिका बदलायची आहे त्यांच्यासाठीही एक गोष्ट. गोस, केदार, शास्त्री यांच्याकडे बघून आधी आपला 'हात' कुठला ते ओळखा. जे शिकलोय ते सगळं पुसून कोऱ्या पाटीवर नव्याने सुरुवात करायची, हे ऐकायला छान वाटतं, पण पाटी कोरी करायची गरजच नसते. सपोर्टवाल्याला कस्टमरचा राग माहीत असतो. टेस्टरला चुकांचे पत्ते माहीत असतात. डेटाबेसवाल्याला कुठलं टेबल रडवतं ते माहीत असतं. तेच घेऊन पुढे जा. आणि जागा आपणहून कुणी देईल याची वाट बघू नका, सचिनसारखी मागा. आखडलेली मान कुठेतरी असतेच.

आमच्या फेरमांडणीच्या मीटिंगला अजून दहा दिवस आहेत. माझं मत विचारलं जाणार आहे, आणि माझ्या मताला किती किंमत आहे हे मलाही ठाऊक आहे. तरी मी चार महिने मागणार आहे, वरच्या त्या चार पायऱ्या कागदावर लिहून. बाईंनी पहिली स्क्रिप्ट घरी बसून लिहिलीच आहे. मी ती वाचली. दोन ठिकाणी चुकलीय, आणि तीन गोष्टी त्यात अशा पकडल्यात ज्या आम्हा पाचही डेव्हलपरच्या नजरेतून वर्षभर सुटल्या होत्या.

सोमवारी ऑफिसला गेलात की आपल्या टीमकडे एकदा नीट बघा. बाऊंड्रीवर उभं राहून लांबून अचूक फेक करणारं कुणीतरी तिथेही असेल. मॅच हातात आहे तोवरच त्याला एक ओव्हर देऊन बघा. एवढंच.